प्रायोगिक चित्रपट करणाऱ्याचं करिअर चालतं तरी कसं?
तिकीटबारीवर तर नाहीच. अमेरिकेतली प्रायोगिक चित्रपटकार माया डेरेन हिचं उदाहरण घ्या. १९४३ मध्ये तिने नवरा अलेक्झांडर हॅमिडसोबत स्वतःच्या घरातच १६ मिमी कॅमेऱ्यावर 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' केला. जेमतेम १४ मिनिटांचा, तोही मूकपट! असल्या फिल्मला वितरक कुठून मिळणार? १९४६ मध्ये तिने न्यूयॉर्कमधलं प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस हे नाट्यगृह भाड्याने घेतलं आणि स्वतःच खेळ लावले. त्याच वर्षी गुगेनहाइम फेलोशिप, म्हणजे कलावंत-अभ्यासकांना कामासाठी दिलं जाणारं अनुदान, मिळाली. पुढे हैतीला जाऊन तिने वूडू या तिथल्या धर्मपंथाच्या विधींचं बरंच चित्रण केलं. तो चित्रपट तिच्या हातून पुरा झालाच नाही, पुस्तक मात्र झालं. बाकी आधार व्याख्यानांचा, लेखांचा आणि फिल्म भाड्याने देण्याचा. पैशांची चणचण शेवटपर्यंत राहिली. १९६१ मध्ये, ४४व्या वर्षी ती गेली.