आकडा जिथे तयार होतो, तिथे जाऊन बस

पुणे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी पीएचडीच्या विषयांची यादी मिळाली. पल्सारची (ठरावीक वेळानं रेडिओलहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्यांची) निरीक्षणं, गाड्यांच्या बॅटऱ्या, मधुमेहाचा अंदाज, हिशेबातली लबाडी ओळखण्याच्या पद्धती आणि शेवटी निव्वळ संख्याशास्त्र. प्रत्येकापुढे अलीकडचे पेपर लिहिलेस आणि खाली विचारलंस, 'मॅडम, यांतल्या कशाला स्कोप आहे?' स्कोप सगळ्यांनाच आहे. मला खटकलं ते वेगळंच. प्रत्येक पेपरचा निष्कर्ष तू दोन ओळींत नेमका मांडलास, पण मोजलं कुणी, कशानं, कुणाला गाळलं, याबद्दल यादीभर एक शब्द नाही.

आपल्या संख्याशास्त्रात हे सहज होतं. फाइल हातात येते, रांगा-रकाने स्वच्छ असतात, मॉडेल लावलं की उत्तर मिळतं. आकडे ताऱ्याचे आहेत की तान्ह्या बाळाचे, याचा विचार करायची वेळच येत नाही. तिथेच आपलं काम कच्चं राहतं. आकडा जिथे तयार होतो, तिथे जाऊन बसल्याशिवाय त्याला हात लावू नये, हे मी वर्गात सांगत आले. तू विषय कोणताही घे, माझं म्हणणं तेच राहील.

आपल्याच गावातलं काम बघ. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांना झालेल्या बाळांची मापं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. वजनाचा फरक ढळढळीत होता: इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिथलं ३.५ किलोचं. नुसता वजनकाटा असता तर आपली बाळं लहानखुरी आहेत एवढंच हाती लागलं असतं. पण या मंडळींनी बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली, त्वचेची घडीही मोजली होती, आणि ग्यानबाची मेख तिथे होती. वजन कमी, दंड बारीक, पोटाचा घेर कमी, पण त्या घडीतली चरबी मात्र जवळपास तिथल्या बाळांइतकी टिकून. दिसायला किरकोळ आणि अंगात चरबी. सडसडीत दिसणाऱ्या आपल्या माणसांना मधुमेह इतका का गाठतो, या प्रश्नाकडे बघण्याची दिशाच त्यामुळे बदलली.

ते मोजणं कसं असतं, याची कल्पना कर. चिमटीत कातडीची घडी धरायची, तिला कॅलिपर लावायचा आणि काटा स्थिरावला की मिलिमीटर वाचायचे. बाळ हातपाय झाडतंय, आई काळजीनं बघतेय. घडी किंचित वर धरली तर आकडा वेगळा, वाचायला उशीर केला तर वेगळा. म्हणून मोजणाऱ्यांना आधी तयार करावं लागतं, एकाच बाळाची मापं दोघांनी घेऊन ती जुळतात का ते पाहावं लागतं. तुझ्या फाइलीत यातलं काही दिसणार नाही. तिथे नुसता '४.२' असेल आणि तू त्याचा दुसरा दशांशसुद्धा मनापासून काढत बसशील.

याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आला होता, तो जरूर शोध. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. बीएमआयच्या रकान्यात ही दोन माणसं अगदी सारखी आहेत. मधुमेहाच्या अंदाजाचं मॉडेल बांधायचं तुझ्या मनात आहे ना? मग आधी ठरव, तुझ्या रकान्यात काय आहे आणि काय निसटलंय.

हिशेबाचा विषय तू यादीत नाइलाजानं घातल्यासारखा वाटला. तो इतका कोरडा नाही गं. बेनफर्डचा नियम तुला ठाऊक आहे: मोठ्या पल्ल्यात पसरलेल्या आकड्यांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण ३०.१ टक्के आणि ९ असण्याचं अवघं ४.६ टक्के. सायमन न्यूकम्ब यांना १८८१ मध्ये तो सुचला, कारण लॉगच्या तक्त्यांच्या पुस्तकाची सुरुवातीची, १नं सुरू होणाऱ्या आकड्यांची पानं जास्त मळलेली, जास्त झिजलेली होती. फ्रँक बेनफर्ड यांनी १९३८ मध्ये ढीगभर आकडे गोळा करून तो दाखवला. आता ऑडिटमध्ये तो सर्रास वापरतात आणि त्यावर पेपरही भरपूर निघतात.

एखाद्या सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणारी तुझी मैत्रीण असेलच. तिच्या शेजारी बसून रोखीची व्हाउचरं चाळ. ९,८००, ९,९५०, ९,७००... नऊनं सुरू होणाऱ्या रकमा ४.६ टक्क्यांच्या कितीतरी पुढे गेलेल्या दिसतील. कारण आयकराच्या नियमात आहे: धंद्यात एका माणसाला एका दिवशी १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली, तर साधारणपणे तो खर्च वजावटीला धरत नाहीत. मग लोक हिशेबानं त्या रेषेच्या आत राहतात. त्यातला एखादा मोठं बिल तोडून तारखा बदलत असेल, तिथे पाणी मुरतंय. दुसऱ्यानं नियम पाळून रंगाऱ्याची खरीखुरी मजुरी चुकती केली असेल. तुझा कसोटीचा आकडा दोघांनाही एकाच माळेत ओवणार. व्हाउचर हातात घेऊन पाहिलेल्या मुलीलाच यातला फरक कळतो, आणि हिशेबातलं चांगलं संशोधन तिथूनच सुरू होतं.

तीच गोष्ट कंपन्यांच्या संशोधनखर्चाची. आपल्याकडच्या लेखामानकानुसार संशोधनाच्या टप्प्यावरचा खर्च त्याच वर्षी खर्ची टाकावा लागतो. तेच काम विकासाच्या टप्प्यात गेलं आणि ठरावीक अटी पुऱ्या झाल्या, की ते मालमत्तेत दाखवतात. एक टप्पा संपून दुसरा केव्हा सुरू झाला, हे ठरवतात कंपनीतलीच माणसं. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून आलेख काढण्याआधी हे लक्षात असू दे.

आता तुझ्या वयाच्या एका मुलाचं सांगते. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नावाजलेल्या अर्थतज्ज्ञांनी एक पेपर लिहिला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्क्यावर येतो, असं त्यात होतं. काटकसरीचा आग्रह धरणाऱ्या पुढाऱ्यांनी तो पेपर उचलून धरला. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट इथल्या विद्यापीठात थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी वर्गाचा स्वाध्याय म्हणून तेच गणित पुन्हा करत होता. काही केल्या उत्तर जुळेना. त्यानं लेखकांकडेच एक्सेलची फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली, हे त्यांच्या बाजूनं आवर्जून सांगायला हवं. फाइल उघडल्यावर दिसलं की सरासरीचं सूत्र ४९व्या ओळीपर्यंत जायला हवं होतं, ते ४४व्या ओळीवर थांबलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बाहेर राहिले होते.

लोक एवढंच सांगतात आणि हसतात. तू पुढे वाच. खरा फरक एक्सेलच्या ओळींनी फारसा पडला नव्हता, काही वर्षांची माहिती गाळल्यानं आणि वजन देण्याच्या पद्धतीनं पडला होता. न्यूझीलंडचं एकच वर्ष हिशेबात आलं होतं, १९५१, वाढ उणे ७.६ टक्के. ब्रिटनची १९ वर्षं होती, सरासरी २.४ टक्के. सरासरी काढताना दोन्ही देशांना सारखंच वजन दिलेलं. म्हणजे न्यूझीलंडचं एक वर्ष आणि ब्रिटनची एकोणीस वर्षं एकाच पारड्यात! सगळं दुरुस्त केल्यावर उणे ०.१ च्या जागी २.२ टक्के आले. हर्नडन आणि त्याच्या शिक्षकांनी २०१३ मध्ये हे प्रसिद्ध केलं. त्याच्यापाशी नवं यंत्र नव्हतं की नवी थिअरी नव्हती. उत्तर जुळेपर्यंत तो उठला नाही, इतकंच. आणि देशाला सारखं वजन द्यायचं की वर्षाला, हा वाद आजही खुला आहे. त्यावर तुझं मत बनव, मला ऐकायचंय.

आपल्याकडे भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली. १९१९ मध्ये सुरू झालेलं काम १९६६ मध्ये पुरं झालं, १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. तिचं कुठलंही पान उघड. वर स्वीकारलेला पाठ आणि खाली बारीक टायपात नाकारलेले सगळे पाठ, कोणत्या प्रतीत काय आहे त्यासकट. उद्या कुणाला संपादकांचा निर्णय पटला नाही, तर खोडून काढण्याचं साहित्य त्याच पानावर आहे. आपल्या प्रबंधाचं परिशिष्ट असं असावं, असं मला मनापासून वाटतं. कोणत्या नोंदी गाळल्या, का गाळल्या, त्या ठेवल्या असत्या तर उत्तर किती हललं असतं, हे सगळं खाली लिहून ठेव.

पल्सारचं काम तर तुझ्या दारात आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस डिश आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची. ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप यांनी त्या भरीव पत्र्याच्या केल्या नाहीत. ताणलेल्या तारांच्या आधारावर बारीक जाळी बसवली. जाळीची भोकं येणाऱ्या रेडिओलहरींच्या लांबीपुढे अगदीच लहान, त्यामुळे लहरींना ती आरशासारखीच. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्च आवाक्यात आला. काय मोजायचं हे पक्कं ठाऊक असलं की इंजिनिअरिंग असं सुटसुटीत होतं.

याच दुर्बिणीची निरीक्षणं वापरून इंडियन पल्सार टायमिंग अॅरेच्या गटानं युरोपीय गटाबरोबर जून २०२३ मध्ये निकाल मांडला: अतिमंद गुरुत्वलहरींचा विश्वभर पसरलेला गुंजारव असल्याची चिन्हं. या लहरी पल्सारच्या ठोक्यांच्या वेळा किंचित पुढेमागे करतात, त्यावरून त्यांचा माग काढायचा. पल्सारचा ठोका पृथ्वीवर पोचतो, तेव्हा वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे तो थोडा रेंगाळतो. कमी फ्रीक्वेन्सीला जास्त, आणि तेही वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. ही दिरंगाई नेमकी वजा केली नाही, तर गुरुत्वलहरींचा माग लागणारच नाही. जीएमआरटी कमी फ्रीक्वेन्सीवर उत्तम बघते, म्हणून हा भाग आपल्या लोकांनी सांभाळला. युरोपीय निरीक्षणं २५ वर्षांची, पल्सार २५, आणि एवढं करून त्यातल्या शेवटच्या सुमारे दहा वर्षांच्या निरीक्षणांत खात्री आली सुमारे तीन सिग्माची (हा निव्वळ योगायोग नाही, याच्या खात्रीचं हे माप). त्या शास्त्रात शिरस्ता पाच सिग्माचा. लेखकांनी तेवढंच लिहिलं आणि पुढच्या निरीक्षणांना लागले. मला त्या पेपरातलं हे सगळ्यात आवडतं.

त्याच वर्षी जुलैत एलके-९९ नावाच्या पदार्थाचा गाजावाजा झाला. नेहमीच्या तापमानाला अतिवाहक, म्हणजे विजेला शून्य रोध करणारा, असा दावा होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसकट जगभर लोकांनी तो बनवून पाहिला आणि थोड्याच आठवड्यांत दावा मावळला. सुमारे १०४ अंश सेल्सिअसला रोध एकदम घसरत होता, त्याचं श्रेय मिश्रणात राहिलेल्या कॉपर सल्फाइडला जात होतं. आणि कोविडच्या रुग्णांना दिलेल्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या औषधावरचा २०२० चा पेपर: ९६,००० रुग्ण, ६७१ रुग्णालयं, २२ मे रोजी प्रसिद्ध, ४ जूनला मागे. मूळ नोंदी कुणालाच दाखवता आल्या नाहीत. त्यात ऑस्ट्रेलियातले मृत्यू ७३ दाखवले होते, तर त्या तारखेपर्यंत तिथे एकूण नोंदच ६७ मृत्यूंची होती. हे पकडायला कसलंच मॉडेल लागलं नाही.

पेपर छापण्याच्या घाईबद्दल थोडक्यात. पैसे घेऊन चार दिवसांत छापणाऱ्या जर्नलांची पत्रं तुला येऊ लागली असतील. त्यांना उत्तरही देऊ नकोस. यूजीसीनं २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढली. चांगल्या जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली. म्हणजे पारख आता तुझी तुलाच करायची आहे. संपादक मंडळातल्या दोघांना ईमेल करून विचार, त्यांना आपलं नाव तिथे आहे हे माहीत तरी आहे का. एआयकडून संदर्भ गोळा करत असशील तर प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून वाच. नसलेले पेपर ते छातीठोकपणे देतं. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी योजना २०२५ पासून सुरू झाल्यामुळे विद्यापीठात बसून हजारो जर्नलं वाचता येतात, तेव्हा जयकर ग्रंथालयात जाऊन तिथल्या लोकांकडून ते नीट समजून घे.

आता काम सांगते. यादीतला एकच पेपर निवड, त्यातला एकच तक्ता, तक्त्यातला एकच आकडा. तो कुठल्या यंत्रातून, कुणाच्या हातून, किती चाळण्यांतून तिथे आला, ते शोधून एका पानावर लिही. जिथे धागा तुटेल तिथे लेखकांना नम्रपणे ईमेल कर. बाळांचा पेपर घेतलास तर कॅलिपर स्वतः हातात धरून बघ. पल्सारचा घेतलास तर २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, खोडदला जा. त्या दिवशी सगळ्यांना आत सोडतात आणि तिथली माणसं प्रश्नांना कंटाळत नाहीत.

ते पान मला पाठव, मग विषय ठरवू. दरम्यान ज्या गाइडना भेटशील त्यांना एवढंच विचार, की तुमच्या विद्यार्थ्यांना मूळ नोंदवह्या बघायला मिळतात का. उत्तर द्यायला त्यांनी टाळाटाळ केली तर तेही मला कळव.

कळावे. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझ्या,
मॅडम