पीएच १२ असूनही स्क्रबरच्या चिमणीतून तपकिरी धूर येतो, कॉस्टिक वाढवू का?

नका वाढवू. नायट्रिक आम्लाच्या पिकलिंग टाकीवरचा (धातू आम्लात बुडवून साफ करायची टाकी) तुमचा स्क्रबर, म्हणजे वायू धुणारा टॉवर, पीएच १२ ला चालतोय, म्हणजे कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) भरपूर आहे. अडचण नायट्रिक ऑक्साइडची (एनओ) आहे. तो पाण्यात जेमतेम विरघळतो आणि एकटा असला तर कॉस्टिक त्याला हातही लावत नाही. नायट्रोजन डायऑक्साइडबरोबर (एनओटू) जोडी जमली तरच तो शोषला जातो आणि सोडियम नायट्राइट बनतं. त्यामुळे एनओ आणि एनओटूच्या बेरजेत एनओटू निम्म्याहून कमी असेल तर उरलेला एनओ सरळ वर निघून जातो.

आधी धूर नीट बघा. चिमणीच्या तोंडाशीच तपकिरी असेल तर एनओटू निसटतोय (तपकिरी रंग त्याचाच): नोझल चोंदलंय, पॅकिंग (टॉवरमधला भराव, ज्यावरून द्रावण ओघळतं) कोरडं राहतंय किंवा पंखा फार ओढतोय. तोंडाशी स्वच्छ आणि थोडं वर गेल्यावर रंग येत असेल तर तो एनओ, हवेत गेल्यावर ऑक्सिडाइज होणारा. रंगहीन धूर म्हणजे स्वच्छ धूर नव्हे. स्क्रबरच्या आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्हीकडे एनओ आणि एनओटू वेगवेगळे मोजा.

टॉवरमध्ये जादा हवा घातली की एनओचा आपोआप एनओटू होईल ही आशा ठेवू नका. १००० पीपीएमला साध्या तापमानात निम्मा एनओ बदलायला काही मिनिटं लागतात, १०० पीपीएमला त्याच्या दहापट. टॉवरमध्ये वायू थांबतो काही सेकंद. आधी नुसत्या पाण्याचा टॉवर लावणंही उलटतं: तीन रेणू एनओटू गेले की एक एनओ परत मिळतो.

मी सुरुवात टाकीपासून करेन. टाकीतल्या आम्लात हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं सोडलं की नायट्रस आम्लाचं पुन्हा नायट्रिक होतं आणि वायूच कमी निघतो. तेवढ्यानं भागलं नाही तर कॉस्टिकच्या आधी ओझोन किंवा सोडियम क्लोराइटचा टप्पा. क्लोराइट आम्लात मिसळलं तर क्लोरीन डायऑक्साइड सुटतो, तो स्फोटक आहे. डोसिंग पंपाला पीएचचं इंटरलॉक (पीएच घसरला की पंप आपोआप बंद करणारी सोय) हवंच.

कॉस्टिकचा हिशोब: १ किलो एनओटूला साधारण ०.८७ किलो, शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड खातो तो वेगळा. त्याचा कार्बोनेट थंडीत पॅकिंगवर जमतो. आणि वापरलेल्या द्रावणात नायट्राइट असतं. ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात) ते आम्लाच्या प्रवाहात ओतलंत तर तोच तपकिरी वायू तिथे, माणसांच्या नाकाशी, परत निघेल.