जंतू नाही, मग अंगठा एवढा का पेटतो?

प्रश्न : आमचे आप्पा पॉवरलूमवर आहेत, वय ५८. परवा रात्री झोपेतून उठले ते पायाचा अंगठा धरूनच, लालबुंद झालेला, चादरसुद्धा टेकू देईनात. डॉक्टर म्हणाले गाऊट आहे, युरिक ॲसिड वाढलंय, इन्फेक्शन नाही. मग जंतूच नाही तर एवढी आग कशामुळं? आणि आता दुखायचं थांबलंय, गोळ्या बंद केल्या तर चालेल का?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : गोळ्या मनानं बंद करू नका, हे आधी. आता कारण सांगतो. रक्तात युरिक ॲसिड जास्त झालं की त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात जमतात, पायाचा अंगठा बाकी शरीरापेक्षा थंड असतो आणि थंडाव्यात ते लवकर धरतात. पण खरी आग खड्यांची नाही, आपल्याच पेशींची आहे. पेशीच्या आत एनएलआरपी३ नावाचा सेन्सर असतो, जन्मजात प्रतिकारशक्तीतला. पेशीनं खडा गिळला की हा सेन्सर जागा होतो, कॅस्पेस-१ हे एन्झाईम चालू करतो, त्यातून आयएल-१ बीटा हे सूज पेटवणारं प्रोटीन बाहेर पडतं आणि मग सूज, लाली, कधी तापसुद्धा. हेच एन्झाईम गॅसडर्मिन डी नावाचं प्रोटीनही कापतं, त्याचे तुकडे पेशीच्या आवरणाला भोकं पाडतात, तेव्हा पेशी फुगून फुटू शकते आणि आतलं सगळं बाहेर सांडून सूज अजून भडकते. ह्याला पायरोप्टोसिस म्हणतात.

खडे ह्याच सेन्सरला उठवतात हे २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या युर्ग चॉप यांच्या टीमनं दाखवलं. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या तेलंगणातून अमेरिकेत गेलेल्या थिरुमला-देवी कन्नेगंटी यांच्या संशोधनात दिसलं की जंतूंच्या आरएनएनंही हाच सेन्सर जागा होतो, म्हणजे तो आपल्या कामाचाच आहे, कायमचा बंद करून भागणार नाही.

म्हणून उपचार दोन बाजूंनी. कोल्चिसिन भडका शमवतं, ॲलोप्युरिनॉल युरिक ॲसिड उतरवतं, आणि दुखणं थांबलं तरी खडे आत असतातच, ते विरघळायला महिनोन्‌महिने जातात. कोल्चिसिन कळलावीच्या कंदातही असतं म्हणून कुणी तो उगाळून द्यायला सांगेल, अजिबात देऊ नका, जीव जातो त्यानं. सोलापूरच्या उन्हात लूमवर घाम फार जातो, पाणी कमी पडलं की युरिक ॲसिड वाढतं, तेव्हा आप्पांना बाटली जवळच ठेवायला सांगा. मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणू नका आणि क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची टेस्ट करून घ्या, कोल्चिसिन आणि ॲलोप्युरिनॉलचा डोस किडनी बघूनच ठरतो.