नव्या गाडीत सगळे दिवे एकदम पेटतात तेव्हा

तीन आठवड्यांची गाडी, जेमतेम ९०० किलोमीटर, आणि सकाळी सेल्फ मारला की एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं), ईएससी (गाडी घसरू न देणारं), हिल होल्ड (चढावर गाडी मागे जाऊ न देणारं), स्टिअरिंग असे चार दिवे दीपमाळेसारखे पेटतात. बंद करून पुन्हा चालू केली की गायब. शोरूमवाले म्हणतात, सॉफ्टवेअर अपडेट केलंय. तुम्ही विचारताय, गाडी बदलून मागू का? एवढ्यात नको.

चार वेगळ्या वस्तू एकाच सकाळी बिघडत नाहीत. त्या चौघांत सामाईक काय, ते आधी शोधायचं. आणि ते बहुतेकदा बारा व्होल्टची बॅटरी किंवा अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्ह वायरची बॉडीशी जोडणी) निघतं. गाडीतले सगळे छोटे कंप्युटर एकाच वायरजोडीवर एकमेकांशी बोलत असतात. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की त्यातला एखादा क्षणभर गप्प होतो, आणि बाकीचे त्याच्या नावाने बोंब मारतात. इलेक्ट्रिक स्टिअरिंगला तर भरपूर करंट लागतो, त्यामुळे ते लगेच कुरकुरतं.

"पण बॅटरीही नवीच आहे ना?" नवी गाडी यार्डात किती महिने उभी होती, ते आपल्याला कुठे माहीत असतं! त्यात तुमचा रोजचा फेरा भांडुप स्टेशनपर्यंतचा, तोही एसी आणि वायपर लावून. एवढ्यात बॅटरी भरतच नाही. स्वस्तातला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्या.

माझ्या गाडीची बॅटरी वॉरंटीत बदलून मिळाली, तरी दिवे येतच राहिले. तीन चकरा झाल्यावर एका जुन्या मेकॅनिकने बॅटरीच्या निगेटिव्ह वायरचा बॉडीकडचा बोल्ट दाखवला. दोन बोटांनी फिरत होता. वॉशरखाली रंगाचा थर होता, तो पॉलिश पेपरने घासून बोल्ट घट्ट केला. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर एकदाही दिवा नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. चाकाजवळचा एकच स्पीड सेन्सर गेला तरी एबीएस, ईएससी, हिल होल्ड तिन्ही लागू शकतात, कारण तिघंही त्याच्यावरच अवलंबून. पण ते दिवे बहुधा गाडी चालायला लागल्यावर पेटतात. तुमचे सेल्फ मारतानाच पेटतात.

डिलिव्हरीनंतर बाहेरून काय काय बसवून घेतलंत, तेही सांगा. डॅशकॅमसाठी कुठली वायर टोचली? सीट कव्हर घातली? कव्हरवाला सीटखालचा पिवळा कपलर (वायरींचा जोड) हलवतो आणि एअरबॅगचा दिवा लागतो, हा प्रकार फार कॉमन आहे. तो कपलर स्वतः उचकू नका, तो एअरबॅगचा आहे.

आता शोरूमचं. "अपडेट केलंय" हे उत्तर मला कधीच पटत नाही. अपडेटने खरंच फरक पडतो कधीकधी, पण त्याआधी स्कॅनरवर (गाडीच्या कंप्युटरमधली बिघाडाची नोंद वाचणारं यंत्र) कोणते कोड होते? कोड पुसले की त्या क्षणाची नोंद, म्हणजे वेग, आरपीएम, तापमान, तीही जाते. म्हणून पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो मागायचा. U या अक्षराने सुरू होणारा कोड असेल, म्हणजे कंप्युटरांचं आपसातलं बोलणं तुटलेलं, तर भाग बदलण्याआधी वायरिंग आणि व्होल्टेज तपासायला लावा. तुम्हीही दिवे पेटलेले असताना व्हिडिओ काढा, किलोमीटर दिसतील असा.

जॉब कार्डवर (गाडी सर्व्हिसला देताना तक्रार लिहायचा कागद) ॲडव्हायझर सवयीने "जनरल चेकअप" लिहितो. तिथेच अडवा. "सकाळी सेल्फ मारताना चार दिवे लागतात" असंच लिहून घ्या, प्रत्येक खेपेला. आपल्याकडे सदोष गाडी बदलून देण्याचा वेगळा कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाच आधार. आधी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात गेलात तर ही जॉब कार्डंच कामाला येतील. आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे, घाई नाही.

लाल दिव्याचं मात्र वेगळं. ऑइल, तापमान, ब्रेक, चार्जिंग यातलं काही लाल झालं तर गाडी बाजूला घ्या आणि टो बोलवा, मग ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर का असेना.

उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधीचा आणि मारतानाचा असे दोन आकडे इथे टाका. मीटर नसेल तर मी मुलुंडलाच असतो, रविवारी गाडी घेऊन या.