पाकिटातलं खाऊन वजन वाढतं, का नुसतं जास्त खाल्ल्याने?

दोन्ही एकच आहे हो, पाकिटातलं खाताना माणूस नकळत जास्तच खातो. 2019 मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या टीमने 20 प्रौढांना महिनाभर संशोधन केंद्रातच ठेवलं, दोन आठवडे अल्ट्रा प्रोसेस्ड, म्हणजे कारखान्यात बनलेलं पाकिटातलं खाणं, आणि दोन आठवडे साधं जेवण, दोन्हीकडे वाढलेल्या कॅलरी, साखर, फॅट, मीठ सारखंच आणि पाहिजे तेवढं खा म्हणून सांगितलेलं, तरी प्रोसेस्डवर लोक रोज साधारण 500 कॅलरी जास्त खायला लागले आणि सरासरी 0.9 किलो वजन वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. खायचा स्पीडही वाढला होता!

आपली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी ठेच्याशी खाऊन बघा, चावून चावून दीड भाकरीतच हात थांबतो, आणि क्रीमची बिस्किटं तोंडात विरघळतात, चहासोबत अख्खा पुडा कधी संपला कळतच नाही. जळगाव-धुळ्याकडे लोक शेवभाजीलाच नावं ठेवतात, तेल आहेच तिच्यात, रोज नकोच, पण घरी मसाला वाटून केलेली भाजी आणि उन्हाळ्यात वाळवलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, अल्ट्रा प्रोसेस्डमध्ये येत नाहीत. पाकिटामागे इमल्सिफायर, ग्लुकोज सिरप, फ्लेवर असलं काही दिसलं तर समजा ते त्यातलं. आणि सगळ्यात आधी कोल्ड्रिंक बंद करा, त्याने पोट भरत नाही अन् साखर मात्र भरपूर जाते.