हप्ता कमी आहे, पण कात्री कुठे लागली?

वय 34, अविवाहित, नोकरी कंत्राटी, त्यामुळे ऑफिसचा मेडिक्लेम नाही. एजंटाने 5 लाखांची पॉलिसी दाखवली आहे. तशाच दुसऱ्या पॉलिसीपेक्षा ती वर्षाला अडीच हजारांनी स्वस्त पडते. घ्यावी का? (एक वाचक, भांडुप)

हे अडीच हजार कशामुळे वाचताहेत, ते आधी शोधा. एजंटाकडून माहितीपत्रक नको, 'पॉलिसी वर्डिंग'ची पीडीएफ मागा आणि तिच्यात 'रूम रेंट' कुठे लिहिलंय ते बघा. 'विमा रकमेच्या 1 टक्का' असं असेल, तर तुम्हाला दिवसाला 5,000 रुपयांचीच खोली चालते. मुंबईतल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलात एवढ्यात सिंगल रूम मिळणं कठीण. लोकांना वाटतं, वरचे दोन-तीन हजार आपण भरू. हिशेब तसा होत नाही.

समजा, 8,000 ची खोली घेतली आणि चार दिवस राहिलात. खोलीचे 32,000, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटरचे मिळून 1,60,000, औषधं व इम्प्लांटचे 60,000. एकूण बिल 2,52,000. पाच भागिले आठ म्हणजे साडेबासष्ट टक्के. कंपनी खोलीचे 20,000 देईल, आणि डॉक्टर-थिएटरच्या रकमेलाही तीच टक्केवारी लावून 1,00,000 देईल. औषधं आणि इम्प्लांटला ही कपात लागत नाही, ते 60,000 पूर्ण मिळतील. हातात 1,80,000. खोलीतला फरक 12,000 चा, पण खिशातून गेले 72,000! त्यात ग्लोव्हज, मास्क वगैरे, ज्यांचे पैसे विमा देत नाही अशा वस्तू धरलेल्याच नाहीत. को-पे (प्रत्येक क्लेममधला तुम्ही भरायचा ठरावीक हिस्सा) असेल, तर त्याची टक्केवारी याशिवाय वजा होते.

म्हणून आमचं मत असं : रूम रेंटला मर्यादा नाही किंवा सरळ 'सिंगल प्रायव्हेट रूम' लिहिलंय, को-पे नाही आणि मोतीबिंदू, हर्निया, स्टोन अशा आजारांवर वेगळी रक्कम बांधलेली नाही, या तीन गोष्टी सोडू नका. पैसे वाचवायचे तर मॅटर्निटी, ओपीडी, फुकट चेकअप यांवर फुली मारा. विमा रक्कम 5 लाखच ठेवा आणि वर सुपर टॉप-अप (वर्षभराचा खर्च ठरलेल्या रकमेवर गेला की वरचे पैसे देणारी जोड-पॉलिसी) जोडा. एकदम मोठ्या रकमेची पॉलिसी घेण्यापेक्षा हे बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

सर्वांत साधी म्हणून 'आरोग्य संजीवनी' सुचवली जाते. ती सगळ्या कंपन्यांत सारखीच असते, त्यामुळे नुसता हप्ता आणि क्लेमची सेवा यांची तुलना करता येते. पण तिच्यात प्रत्येक क्लेमवर 5 टक्के को-पे आहे आणि खोलीला जास्तीत जास्त 5,000 रुपये. जनरल वॉर्ड किंवा ट्विन शेअरिंग चालणार असेल, तरच घ्या.

आणखी दोन गोष्टी. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेव्हा कोटेशनमध्ये 18 टक्के दिसले तर ते जुनं आहे. आणि हप्ता कमी बसावा म्हणून गावचा पत्ता देऊ नका. काही पॉलिसींत स्वस्त झोनचा (कमी हप्ता असलेल्या भागाचा) हप्ता भरून मुंबईत उपचार घेतले, तर को-पे लागतो.

तीन वर्षांपासून बीपीची एक गोळी घेते. एजंट म्हणतो, फॉर्मवर लिहूच नका. (एक वाचक, गिरगाव)

लिहाच. गोळीचं नाव, डोस, बीपी कधी कळलं, सगळं. कंपनी हप्ता वाढवेल किंवा बीपीशी संबंधित उपचारांसाठी वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम न मिळण्याचा काळ, लावेल. तो 1 एप्रिल 2024 नंतरच्या नियमांनुसार 36 महिन्यांहून जास्त असू शकत नाही. लपवलंत तर ते ॲडमिट झाल्या दिवशीच उघड होतं, कारण कॅज्युअल्टीतला डॉक्टर पहिल्याच कागदावर जुने आजार आणि किती वर्षांपासून आहेत ते लिहितो. तिथे सोबतचं कुणी घाईत 'पाच-सहा वर्षं झाली असतील' म्हणून जातं आणि पुढे त्याच आकड्यावर क्लेम अडतो. म्हणून ॲडमिशनच्या वेळी नेमकं वर्ष सांगा, चुकीचं लिहिलं गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या.

पॉलिसी हातात आली की सोबतची प्रपोजल फॉर्मची प्रत वाचा. एजंटाने 'आजार नाही' असं भरलं असेल, तर लगेच लेखी कळवा. 30 दिवसांत पॉलिसी परतही करता येते.

ऑफिसचा 3 लाखांचा विमा आहे. टॉप-अप घेऊ की सुपर टॉप-अप? (एक वाचक, विक्रोळी)

सुपर टॉप-अप, 3 लाखांच्या डिडक्टिबलचा, म्हणजे पहिले 3 लाख ही पॉलिसी देत नाही. वर्षात अडीच-अडीच लाखांची दोन बिलं झाली, तर साधा टॉप-अप काहीच देत नाही, कारण एकही बिल 3 लाखांवर जात नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाहतो आणि वरचे 2 लाख देतो. नोकरी सुटली की ऑफिसचा विमाही जातो, म्हणून स्वतःची छोटी पॉलिसी आत्ताच सुरू करा, म्हणजे वेटिंग पिरियड नोकरीत असतानाच सरेल.

आई 71 वर्षांची, मधुमेह आहे. हप्ता परवडत नाही. (एक वाचक, लालबाग)

सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवर मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. ते आधी काढा. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे. दोन्हींत फक्त यादीतली हॉस्पिटलं चालतात. तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) आधी भेटा.

क्लेम नाकारला, कारण फोनवरच सांगितलं. (एक वाचक, मालाड)

पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला, ते लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार द्या. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, फी नाही, वकीलही चालत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जा. सोबत पॉलिसी, नकाराचं पत्र, डिस्चार्ज समरी आणि बिलांच्या प्रती न्या.