'हू', 'व्हिच' आल्यावर 'ही', 'इट' का चालत नाही?

तुम्ही विचारलंय, 'द मॅन हू केम यस्टरडे, ही इज माय अंकल' यात चूक काय आणि हू, व्हिच, दॅट कुठे लावायचे.

चूक त्या 'ही'त आहे, आणि ती मराठीतून आलीय. आपण म्हणतो, 'जो माणूस काल आला, तो माझा काका.' 'जो' आला की पाठोपाठ 'तो' हवाच, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजीत त्या 'तो'ला जागाच नाही.

मी बेळगावजवळच्या खानापुरात शिकवणी घेतो. एका मुलीनं वहीत कुंद्याबद्दल, म्हणजे आपल्याकडच्या दुधाच्या मिठाईबद्दल, लिहिलं होतं, 'द कुंदा व्हिच आय बॉट इट वॉज फ्रेश.' मी विचारलं, "यातलं 'इट' म्हणजे काय गं?"

"कुंदा."

"आणि 'व्हिच'?"

ती जरा थांबली. "तोबी कुंदाच की, सर!" आणि तिनं आपणहून 'इट'वर काट मारली.

आपल्या भागात यावर एक सोपी वाट आहे. शेजारचा कन्नड माणूस 'निन्ने बंद हुडुग' म्हणतो, म्हणजेच आपलं 'काल आलेला मुलगा'. यात ना जो, ना तो. इंग्रजी वाक्य जुळवताना मनात हेच रूप धरा: 'काल आलेला माणूस माझा काका आहे.' मग 'ही' घुसायला फटच उरत नाही. क्रम तेवढा उलटा: आपलं 'आलेला' माणसाच्या आधी येतं, इंग्रजीतलं 'हू केम' त्याच्या मागे, त्याला चिकटून. 'द मॅन हू केम यस्टरडे इज माय अंकल.'

बाकी निवड सोपी. माणसाला हू, वस्तूला व्हिच, दॅट दोघांनाही चालतं. 'ज्याचा'साठी हूज. जो-जी-जे असा लिंगभेद नाही. 'द कुंदा आय बॉट' असं व्हिच गाळूनही चालतं, पण हू-व्हिचच्या लगेच पुढे क्रियापद असेल तर गाळू नका.

स्वल्पविराम मात्र जपून. 'माय ब्रदर हू वर्क्स इन गोवा' म्हटलं तर भाऊ एकाहून जास्त, त्यातला गोव्याचा. भाऊ एकच असेल तर 'हू'च्या आधी आणि 'गोवा'नंतर असे दोन स्वल्पविराम द्या, आणि तिथे 'हू'च्या जागी 'दॅट' घालू नका.